चार टोकांच्या चांदण्या

बहात्तरच्या दुष्काळात मी पाथर्डीला कारकून होतो. स्टँडसमोरच्या फोटो स्टुडिओवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाईक नसायचं, म्हणून तो दिवसभर धोतराच्या सोग्यानं काचेवरची धूळ पुसत बसे. काचेआड त्यानंच काढलेला आभाळाचा फोटो होता. त्यातल्या प्रत्येक चांदणीला रांगोळीतल्यासारखी चार टोकं फुटलेली.

"ही टोकं कशी आणली?" मी एकदा विचारलं.

"बायकूचे दोन केस भिंगावर आडवे-उभे ताणले. दोरा लई जाड पडतो."

"सुंदर! मला एक द्या."

त्यानं काचेआडचाच फोटो काढून माझ्या हातात ठेवला. "न्या. पर भर आखाडातलं आभाळ हाय ते, सायेब. एक ढग न्हाई. घरात लावू नगा."

फोटो अजून माझ्या पेटीत आहे, पालथा.