अडुळशाची वई

आमच्या परसदारची बाग बघून रत्नागिरीतल्या आमच्या आळीतल्या बायका आईला हात जोडत. मला मात्र त्या बागेचं कौतुक कोणी सांगू नये. ती कशी झाली ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

माझा थोरला भाऊ मुंबईला एका पेढीवर कारकून होता. एका वैशाखात, बोटी बंद व्हायच्या आधी, तो आगबोटीने घरी आला आणि बंदरापासून घरापर्यंत जागोजागी बसत आला. डॉक्टरांनी त्याची छाती तपासली आणि वडिलांना ओटीवरून खाली अंगणात नेऊन काही सांगितलं. दुसऱ्या दिवशी आईने परसातली खोप रिकामी करायला घेतली. जांभ्याच्या चिऱ्यांची ती बुटकी खोली. आत लाकूडफाटा, नारळाची सोडणं, इरली, एक मोडका पाळणा. सगळं बाहेर निघालं आणि दादाची बाज आत गेली. क्षय हा शब्द आमच्या घरात कोणी तोंडातून काढला नाही. दादाला मोकळी हवा हवी, एवढंच म्हणायचं.

पोराला घराबाहेर काढलं असं वाटू नये म्हणून आईने मग त्या खोपीभोवती जिवाचं रान केलं. तांबडी माती आणून टाकली, पाणी मारून चोपण्याने चोपली, शेणाने सारवली. मागल्या दारापासून खोपीपर्यंत चिऱ्यांची लहानशी पाखाडी घातली. न्हाणीचं पाणी वळवून दोन्ही बाजूंना अबोली लावली. दादा दारात पाटावर बसून हुकूम सोडायचा आणि मी आणि आई माती उपसायचो.

राहिली होती ती वई. घर आणि खोप यांच्यामध्ये एक कुंपण हवं, असं आईचं म्हणणं. तिच्या मनात मेंदी होती.

"मेंदी वाढेपर्यंत हिची नातवंडं लग्नाला येतील," दादा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. "अडुळसा लाव. काडी खोचली की जगते, गुरं तोंड लावत नाहीत, आणि माझं औषधही दारात."

आषाढात आम्ही अडुळशाच्या काड्या खोचल्या, अगदी जवळ जवळ. पुढच्या पावसात वई माझ्या खांद्याला लागली. मला चौदावं सरून पंधरावं लागलं होतं आणि अक्कल बेताचीच होती. मी दादाला म्हटलं, "इतकी दाट कशाला रे? तुला घर दिसेनासं होईल."

"मला घर पाठ आहे गो," तो म्हणाला. "तुला बघायला येतील त्यांना मी दिसता नये."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. ज्याला लपवायचं तोच झाड कुठलं लावायचं ते सांगत होता. मला आईचा असा संताप आला की मी त्या दिवशी जेवले नाही. आईने माझं ताट झाकून ठेवलं आणि ती भांडी घासायला बसली. आमच्या घरात रागवायचीसुद्धा सोय नव्हती.

अडुळशाचा काढा त्याला खरोखरच मानवत होता. आई रोज सकाळी पानं तोडायची, आलं घालून उकळायची, वर मध घालायची. काढा पोटात गेला की दादा दुपारपर्यंत स्वस्थ पडायचा. पण रोज तोडून तोडून वईला भोकं पडली, आणि तीही नेमकी माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला. अडुळसा काय गावात दुसरीकडे नव्हता? पण रोज दुसऱ्याच्या कुंपणाची पानं ओरबाडायची, तर घरात खोकतंय कोण, असं कोणीतरी विचारलं असतं. आळीला कळलं होतंच. पण कोणी अवाक्षर काढलं नाही. त्यांच्याही घरांत लग्नाच्या मुली होत्या.

दिवाळी झाली आणि राजापूरचं एक स्थळ सांगून आलं. मुलगा शिक्षक, माणसं चांगली. त्यांना सांगितलं होतं, थोरला मुंबईला नोकरीला असतो. त्याच आठवड्यात दादाने काढा बंद केला. आता बरं वाटतंय म्हणाला. त्याचा खोकला तर स्वयंपाकघरात ऐकू येत होता. आई सकाळी टोपली घेऊन वईपाशी जायची, उभी राहायची आणि तशीच परत यायची. तिने एकदाही त्याला आग्रह केला नाही. मला अजून ते आठवलं की तिची कीव येते आणि तितकाच तिचा रागही येतो. वई भराभर मिटत गेली.

पाहुणे आले. मी पोहे नेले, नाव सांगितलं, सुईत दोरा ओवून दाखवला. मुलाची आई हात धुवायला परसात गेली. बाई मोठी प्रेमळ. अबोलीचे ताटवे बघून तिथेच थांबली.

"काय सुरेख केलंत हो परस! आणि त्या वईपलीकडे काय?"

"काही नाही हो," आई म्हणाली. "अडगळ."

मी दाराआड उभी होते. खोपीतून हूं की चूं नाही. पाहुणे वळणापलीकडे गेले तशी मी धावत सुटले. दादाने गोधडीचं टोक तोंडात कोंबलेलं होतं, डोळे लाल झाले होते आणि अंग घामाने निथळत होतं. टोक काढून त्याने पहिलं विचारलं, "पसंत का?"

"आई तुला अडगळ म्हणाली," मी रडत म्हटलं.

"आधी तिथे होतीच की," तो म्हणाला आणि हसायला गेला, तर खोकल्याने त्याला हसू दिलं नाही. त्या संध्याकाळी आईने वईची एक अख्खी बाजू ओरबाडून पातेलं भरून काढा केला आणि चुलीपुढे बसून ती ओक्साबोक्शी रडली.

फाल्गुनात पुढल्या अंगणात माझं लग्न लागलं. निघायच्या आधी देवाला नमस्कार करते सांगून मी मागल्या दाराने खोपीपाशी गेले. दादाने मला उंबऱ्याबाहेरच थांबवलं.

"चौघडा चांगला होता गो," म्हणाला. "वाजत होता तोवर मी पोटभर खोकून घेतलं."

श्रावणात माहेरचा माणूस भर पावसात राजापुरास निरोप घेऊन आला. थोरला मुंबईस तापाने गेला, असं पढवल्याप्रमाणे त्याने ओसरीवर सांगितलं. मी स्वयंपाकघरात खाली बसले. सासूबाईंनी मला जवळ घेतलं, पदराने माझं तोंड पुसलं. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं.

"कसला गो भाऊ तुझा," त्या हळहळून म्हणाल्या. "बहिणीच्या लग्नालासुद्धा आला नाही."

मी मान खाली घातली आणि म्हटलं, "नाही आला."