वृषभ राशीची ओळ
कार्बन पेपरचा वास आला की राजारामपुरीतल्या त्या ज्योतिषबाई आठवतात. आठवड्याचं भविष्य त्या एसटीनं गावोगावच्या साप्ताहिकांना पाठवत आणि कॉलेज सुटल्यावर मी त्याच्या प्रती काढायचे. बाई केबलवर दिसू लागल्यापासून वडिलांचा त्यांच्यावर फार भरवसा. ते माझं कॉलेज थांबवायला निघाले, तेव्हा आमच्याकडे येणाऱ्या साप्ताहिकाच्या प्रतीत, त्यांच्या वृषभ राशीत मी हळूच लिहिलं, ‘मुलीचं शिक्षण थांबवू नये.’ अंक येईपर्यंत जेवण गोड लागेना. वडिलांना वाचता येत नसे, म्हणून मीच अंक उघडला, तर प्रती तपासताना बाईंनी ती ओळ काढून टाकलेली. “पुढं वाच की,” वडील म्हणाले. मी नसलेली ओळ वाचली. “बाई म्हणत्यात तर शीक.” त्या भविष्याचं कात्रण त्यांनी अजून पाकिटात जपलंय, आणि घरातली नातवंडं आता वाचायला लागलीत.