सहा पाकळ्यांचा रुपया

आमच्या मामंजींइतका अस्वस्थ माणूस अख्ख्या मराठवाड्यात झाला नसेल. खुर्चीत बसले तरी निम्मेच बसायचे. जेवताना शेजारी भिंग, आणि वरणात काही काळं दिसलं की आधी भिंगातून बघायचे, मग माझ्याकडं. हे सगळं नाण्यांपायी. त्यांच्या वहीत प्रत्येक नाण्यापुढं दोन रकाने होते, संख्या आणि स्थिती. "पाडली किती ते सोड," ते मला समजावत, "उरली किती ते मोजायचं. पोलीस ॲक्शननंतर निजामाचा हाली रुपया बंद झाला, लोकांनी सोनाराकडं नेऊन आटवला. तेव्हा ढिगानं होतं ते आज हुडकून सापडत नाय." स्थितीच्या बाबतीत तर लई कडक. घासलेलं नाणं उतरतं, चिंचेनं चकचकीत केलेलं आणखी उतरतं. आणि गळ्यात घालायला कडी जोडलेलं दिसलं की 'बाद' लिहून वही मिटायची. घरातही हीच तऱ्हा. पाहुणे 'चालू', माझी पुरणपोळी 'क्वचित', आणि माझ्या नवऱ्याचं वेळेवर घरी येणं 'अतिदुर्मीळ'.

सगळ्या वहीत संख्या 'एक' असलेली ओळ एकच. आपल्याच शहराच्या जुन्या टांकसाळीतला चांदीचा रुपया, त्यावरच्या फुलाला पाचाऐवजी सहा पाकळ्या. असा दुसरा कुणी पाहिला नव्हता. त्यावर संग्राहकांच्या मासिकासाठी त्यांनी 'एकमेव' नावाचा लेख लिहिला, तोही नऊ वेळा. क्रांती चौकातल्या टायपिंगवाल्यानं शेवटी हात जोडले.

लेख टपालात पडणार त्याच दिवशी माझी आई करमाडहून शेंगा घेऊन आली. पिशवी ठेवायला वाकली, तशी गळ्यातली माळ बाहेर आली, तिच्यात कडी लावलेला जुना रुपया. मामंजी चहा टाकून उठले. "विहीणबाई, ते जरा बघू?" आई डोईवरचा पदर सावरत दोन पावलं मागंच सरली. शेवटी मी माळ काढून भिंगाखाली दिली. त्यांचे ओठ हलत होते, पाच, सहा.

गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? पण दुपारभर ते दार ते फाटक, फाटक ते दार. तीन चहा निवले. मला तर रडूच आलं, म्हातारपणी एवढा एकच मान मिळणार होता. आईनं विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं. तिनं माळ त्यांच्यापुढं ठेवली. ती माळ तिच्या आईची.

"एवढंच ना, इवाई? आटवून टाकते सोनाराकडून. तुमचा एकलाच ऱ्हाईल."

मामंजी खुर्चीत बसले, पहिल्यांदाच पूर्ण बसले. "नका हो," एवढंच म्हणाले. आणि लेखातला 'एकमेव' खोडून 'दोन' केलं. मासिकानं तो आतल्या पानावर चार ओळींत छापला.

त्यानंतर दर पंधरवड्याला मामंजी करमाडच्या एसटीत. शेंगा आणायला, म्हणे! खरं म्हणजे माळ जागेवर आहे का ते बघायला. त्यांना लांबून येताना बघितलं की आई माळ पदरावर काढून ठेवायची.

ते गेले त्याला आता वर्ष होईल. अजून कुणाचा चहा निवला की माझं लक्ष फाटकाकडं जातं. परवा धीर करून वही उघडली. सहा पाकळ्यांपुढं संख्या दोन. 'पहिलं माझ्याकडं. दुसरं विहीणबाईंच्या गळ्यात.' आईचं नाणं कडीचं, जन्मभर घामानं झिजलेलं. पुढं 'बाद' असणार म्हणून मी चरफडतच बोट सरकवलं. तिथं त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, उत्तम.