मिचिकोसानच्या आईचा कोंडा

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. घडलं त्याच्याच घरात, तरीही. तुम्हाला सांगतेय — का, ते विचारू नका. मलाच नीट ठाऊक नाही.

२००६ साली आम्ही म्युनिकजवळ उंटरश्लाइसहाइमला राहायचो. नवरा गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर, मी जर्मनच्या क्लासला जाणारी. समोरच्या दारात मिचिकोसान — ओसाकाच्या, पन्नाशीच्या, एक मुलगी कॉलेजात. त्यांचं जर्मन माझ्याइतकंच मोडकं, म्हणून आमचं छान जमायचं. चुकतंय कोण, हे दोघींनाही कळत नसे.

त्यांच्याकडे एक मोठी बरणी होती. आत तांदळाचा कोंडा, मीठ आणि पाणी, ओल्या वाळूसारखं कालवलेलं. त्यात काकडी, मुळा पुरायचा. दुसऱ्या दिवशी काढून, धुऊन, भाताबरोबर खायचा. जपानी घरातलं रोजचं लोणचं. मी तर पोळीशीही खायचे. पण हा कोंडा जिवंत असतो, आपल्या विरजणासारखा. रोज हाताने खालीवर करावा लागतो, नाहीतर रुसतो. आणि हा त्यांच्या आईचा होता. आई गेल्यावर त्यांनी त्यातला थोडा विमानातून आणला होता आणि इथे वाढवला होता.

ऑगस्टमध्ये त्या आईच्या वर्षश्राद्धाला पाच आठवडे जपानला निघाल्या. बरणी माझ्याकडे आली. भर घालायला सुक्या कोंड्याची दोन पाकिटंही दिली. रोज एकदा, हाताने, एवढंच त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, गेनाऊ, अगदी बरोबर.

बारा दिवस केलं. खरंच केलं. मग क्लासमधल्या मैत्रिणींनी इटलीत गार्डा सरोवराला जायचं काढलं, आठ दिवस. नवऱ्याला सांगायचं राहून गेलं — नाही, हेही खोटंच. राहून नाही गेलं. त्या वासात हात घाल, असं त्याला सांगायचा मला कंटाळा आला. आठ दिवसांत काय होतंय?

झालं. परत येऊन झाकण उघडलं, तर वर हिरवी-काळी बुरशी. मिचिकोसानचा जपानचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला होता. लावला का मी? बरणी घेऊन खाली गेले आणि सगळं बिओम्युलच्या, म्हणजे ओल्या कचऱ्याच्या, तपकिरी डब्यात ओतलं.

मग ती दोन पाकिटं फोडली. मीठ, लाल मिरच्या, कोबीची पानं आणि — सांगूनच टाकते — घरच्या दह्याचा एक चमचा. पुढे रोज दोनदा ढवळलं. एवढी सेवा मी कुणाचीच केली नसेल. नवरा म्हणाला, तू फारच जबाबदार झालीस.

मिचिकोसान आल्या. काकडीची एक फोड तोंडात घालून डोळे मिटून बसल्या.

"आईच्या हातची चव आहे अजून," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी माझा हात धरला.

तेव्हा बोलता आलं असतं ना? मी दुसरी फोड उचलली.

हिवाळ्यात एकदा चहा पिताना त्या सहज म्हणाल्या, बुरशी आली तरी घाबरायचं नसतं; वरचा थर काढून टाकायचा, खाली कोंडा जिवंतच असतो. म्हणजे मी डब्यात ओतलं ते — कळलं ना तुम्हाला? मी म्हटलं, अरे वा, आणि त्यांच्या कपात चहा ओतला.

तीन वर्षांनी त्यांच्या मुलीचं म्युनिकमध्येच लग्न झालं. जेवणाच्या वेळी मिचिकोसाननी तिला रेशमी कापडात बांधलेला डबा दिला. आजीचा कोंडा. मुलगी रडली, जर्मन सासूही रडली. मग मिचिकोसान माझ्याकडे हात करून सगळ्यांना सांगू लागल्या की एका उन्हाळ्यात हा कोंडा या शेजारणीने जगवला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उभी राहिले, त्यांच्यासारखी कमरेतून वाकले. त्या डब्यात आजीचं काहीही नव्हतं. मला ते माहीत होतं, आणि टाळ्या ऐकताना मला फार छान वाटत होतं.