कॅप्टनचं नाक

गॅसच्या डेपोत तिला सगळे कॅप्टन म्हणत. ती ना कधी जहाजावर चढली होती, ना कुठल्या संघाची पुढारी होती. डेपोत मरकॅप्टन नावाचं रसायन येई. ते गॅसमध्ये नीट मिसळलंय की नाही हे नाकाने तपासायचं, हे तिचं गेल्या अकरा वर्षांचं काम. मरकॅप्टनबाई, मरकॅप्टनबाई म्हणता म्हणता लोकांच्या जिभा दमल्या आणि तिचं नाव निम्म्यावर आलं.

पाइपातून घरोघर जाणाऱ्या गॅसला स्वतःचा वास नसतो, हे पुष्कळांच्या गावीही नसतं. मग तो गळायला लागला तर कळणार कसं? म्हणून त्यात थेंब थेंब मरकॅप्टन सोडतात. हा गंधकाच्या गोतावळ्यातला. सडका कोबी आणि नासकी अंडी आठवडाभर एकाच डब्यात कोंडावीत, तसा त्याचा दर्प. कॉलेजात रसायनशास्त्र शिकणारी तिची लेक तिला या नावावरून अधूनमधून शहाणपण शिकवत असे.

"आई, आता मरकॅप्टन कोणी म्हणत नाही. थायॉल म्हणतात. अल्कोहोलमधल्या ऑक्सिजनच्या जागी गंधक बसला की झालं थायॉल."

"मग ते जुनं नाव आलं कुठून?"

"लॅटिनमधून. पारा पकडणारा, असा अर्थ. पाऱ्याला ते घट्ट धरून बसतं म्हणून."

"आम्ही पारा नाही, गळती पकडतो. पिंपावर तुझं थायॉल छापलेलं असतं, रजिस्टरात मी मरकॅप्टन लिहिते, आणि घाण दोघांची सारखीच येते," असं म्हणून कॅप्टन विषय मिटवायची.

कामाची रीत साधी होती. खोलीत एक यंत्र. त्यात हवा आणि गॅस एकत्र यायचे आणि पुढच्या नरसाळ्यातून बाहेर पडायचे. नरसाळ्याशी नाक न्यायचं, गॅसची चावी हळूहळू फिरवायची, पहिल्यांदा वास आला की थांबायचं. हवेत गॅस किती हे दाखवणारा काटा जिथे असेल तो आकडा लिहायचा आणि खाली सही. काटा दहाच्या आत हवा. कॅप्टनचा नेहमी तीनवर थांबे. या नाकासाठी तिने कधी अत्तर लावलं नाही, सकाळी कच्चा कांदा खाल्ला नाही. सर्दी झाली तर यंत्राजवळ फिरकायचं नाही, हा नियम तिनेच इतरांच्या डोक्यात भरवला होता, आणि त्याबाबतीत ती नाकाने कांदे सोलायची हेही खरं.

त्या आठवड्यात तिला सर्दी झाली. दोन दिवस तिने रजा घेतली, नाक मोकळं झालं, आणि बुधवारी ती कामावर गेली. बुधवारी तीन, गुरुवारी तीन. सही, सही.

शुक्रवारी सकाळी लेक न्हाणीघरातून ओल्या केसांनी धावत आली. "आई, दूध करपलं! घरभर वास सुटलाय आणि तू समोर उभी?"

कॅप्टनने पातेल्यात वाकून पाहिलं. तळ काळा पडला होता. वास? काही नाही. तिने साबण हुंगला, फिनेलची बाटली उघडली, लेकीचं अत्तर हातावर ओतलं. सगळं नुसतं पाणी.

काल आणि परवा काटा तीनवर थांबला, तो नाकामुळे थांबला नव्हताच. अकरा वर्षं हात तिथे थांबत आला होता, समोर आकडा दिसत होता, म्हणून तिथे आल्यावर वास आला असं तिला वाटलं. अगदी मनापासून वाटलं. आणि नेमकी बुधवारीच शहराच्या टोकाला नवी लाइन सुरू झाली होती. कोरा पाइप सुरुवातीला वास स्वतःच पिऊन टाकतो, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तिकडच्या घरात कोणाची चावी अर्धवट राहिली तर त्यांना कळणारही नाही.

सर्दी उलटली म्हणून रजा टाकली असती तर कोणाला पत्ताही लागला नसता. हा विचार तिच्या मनात येऊन गेला, खोटं कशाला बोला. मग तिने डेपोच्या साहेबांना फोन लावला.

"साहेब, माझ्या दोन दिवसांच्या सह्या धरू नका."

"म्हणजे?"

"मला वास येत नाही. बुधवारपासूनच येत नसणार."

साहेब म्हणाले, "मरकॅप्टनच्या टाकीतली पातळी रोजच्यासारखी उतरलीय, कॅप्टन."

"टाकी डेपोत आहे. नव्या लाइनच्या टोकाला काय पोचतंय?"

"तयार राहा. गाडी घेऊन येतो."

साहेबांच्या नाकाचा उपयोग नव्हता. तीस वर्षं सिगारेटी ओढून ते फक्त चष्मा ठेवायला उरलं होतं. डेपोतले बाकीचे दिवसभर त्याच दर्पात वावरणारे, त्यांची नाकं बोथट. म्हणून दोघांनी लोकांचीच नाकं वापरायची ठरवलं. गाडीत कॅप्टन म्हणाली, "यापुढे काट्याकडे माझी पाठ. आकडा दुसऱ्याने वाचायचा." साहेबांनी मान हलवली. तिला ओरडावं की नाही हे त्यांचं अजून ठरत नव्हतं.

जुन्या लाइनवर एक शिंपी आणि एक खानावळवाली, दोघांनीही लगेच नाक मुरडलं. ठीक. उरलं नव्या लाइनचं शेवटचं घर. दार एका आजींनी उघडलं. साहेबांनी ओळखपत्र दाखवलं, खिडक्या उघडल्या, आणि न पेटवता शेगडीची चावी जेमतेम फिरवली.

"आजी, जरा वास घ्या. काय येतंय ते सांगा."

आजी वाकल्या. कॅप्टनचे डोळे त्यांच्या चेहऱ्यावर. एक क्षण गेला, दुसरा गेला. आजींचा चेहरा तसाच, शांत.

आणि आजींच्या नाकपुड्या फुगल्या, भुवया गोळा झाल्या, हात नाकावर गेला. "शी! काय मेलं कुजलंय यात? बंद करा आधी! सकाळी सकाळी माझ्या घरात घाण करायला आलात? व्हा चालते!"

साहेबांनी झटकन चावी बंद केली. कॅप्टनचा जीव भांड्यात पडला. ती तिथेच स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसली आणि लहान मुलीसारखी हमसून हमसून रडायला लागली.

आजी ओशाळल्या. "अगं बाई, एवढं काय लागेल असं बोलले मी?"

"आजी," कॅप्टन डोळे पुसत म्हणाली, "अजून बोला."