चार दोषांचं कुत्रं

आमच्या गावात कुठल्याही अर्जावर पहिली सही माझी असते. स्टँडवर शेड हवी, बोअरची मोटर जळली, शाळेसमोरची गटार तुंबली, काहीही असो, कागद आधी माझ्या दुकानात येतो. दुकान स्टँडच्या तोंडावर आहे म्हणून असेल, किंवा वर माझी सही दिसली की मागच्यांना भांडणाची भीती उरत नाही म्हणून असेल. भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त करावा, या अर्जावरही पहिली सही माझीच होती. प्राणीमित्र मंडळाच्या बाईंनी ती पुढं माझ्याविरुद्ध वापरली. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून झालं ते लिहून ठेवतो.

मी मूळचा जनावरांच्या बाजारातला. दुसऱ्यांच्या बैलांचे कासरे धरण्यापासून सुरुवात केली, मग दलाल झालो. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा सरकी पेंड, भुसा, दोरखंड, घुंगरमाळा असं दुकान टाकलं. कुणाचा आधार घेतला नाही, कुणाचं ऐकूनही घेतलं नाही. पण दुकानदार झालो तरी डोकं बाजारातलंच राहिलं. बाजारात पहिली गोष्ट ही शिकायची, की जे जनावर घ्यायचं त्याला तोंडानं कधी चांगलं म्हणायचं नाही. शेजारच्या दावणीचा बैल वाखाणायचा. आपल्याला हवा त्याचे दात बघून नाक मुरडायचं, पाय फेंगडे आहेत म्हणायचं आणि चालू लागायचं. दहा पावलांच्या आत विकणारा हाक मारतो. खरा भाव काय तो मग रुमालाखाली, एकमेकांची बोटं दाबून ठरतो. तोंड आणि हात यांचा एकमेकांशी संबंध नसतो, आणि बाजारातल्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं.

तर, माझ्या दुकानापुढं रिकाम्या बारदानांच्या ढिगावर एक तांबडं कुत्रं पाच वर्षं झोपत होतं. ते माझं नव्हतं. तसं मी गिऱ्हाइकांना, शेजारच्या टेलरचाचांना आणि खुद्द कुत्र्यालाही वेळोवेळी सांगितलेलं होतं. दुपारी डब्यातली भाकरी उरायची, ती ताकात कुस्करून त्याच्यापुढं सरकवायचो, कारण अन्न टाकणं मला जमत नाही. बायको आधी डब्यात दोन भाकरी द्यायची, पुढं तीन द्यायला लागली. मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

त्या उन्हाळ्यात मटण मार्केटाकडच्या कुत्र्यांनी शाळेच्या मुलींच्या सायकलींमागं लागून एकीला पाडलं. गाव चिडलं, अर्ज झाला. महिन्याभरानं कुत्री धरायची गाडी आली. मंडळाच्या बाई गाडीत पुढं बसलेल्या. या बाई निवृत्त शिक्षिका, आमच्या गावची अर्धी लोकसंख्या त्यांच्या हाताखालून गेलेली. त्यांनी आधीच जाहीर केलं होतं की कुत्र्यांना धाराशिवला नेऊन ऑपरेशन करायचं, लस टोचायची, आणि जी माणसाळलेली आहेत ती दत्तक द्यायची. बाकीची जिथली तिथं सोडायची.

मी रस्त्यात उभा राहून गाडीला मार्केटाचा रस्ता दाखवत होतो. तेवढ्यात माझ्या पाठीमागं त्यांच्या माणसानं बारदानावर जाळं टाकलं.

"हे तुमचं आहे का?" बाईंनी खिडकीतून विचारलं.

"माझं न्हाय," मी म्हणालो. पाच वर्षांची सवय. शब्द परत घ्यायला तोंड उघडलं तोवर गाडी वळली होती.

पुढचे दिवस चाचांनी माझ्यावर पाळत ठेवली. त्यांचं मशीन दारातच असतं, तिथून माझं सगळं दुकान दिसतं. संध्याकाळी शटर ओढायच्या आधी मी वाकून खाली बघायचो, ते त्यांनी टिपलं.

"शेठ, अब कौन है नीचे?"

"सवय हाय चाचा."

"किसकी सवय?"

मी शटर ओढून कुलूप घातलं. घरी बायकोनं डबा भरताना विचारलं, "दोन देऊ का तीन?"

"तीनच दे. भूक वाढलीया माझी."

"व्हय, दिसतंय की," ती म्हणाली आणि भाकरी थापत राहिली.

मग गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बाईंचा निरोप आला. रविवारी सकाळी शाळेच्या मैदानात दत्तक मेळावा. खाली फोटो. तिसऱ्या फोटोत आमचं तांबडं, गळ्यात निळी फीत बांधलेलं, एखाद्या सत्काराला बसल्यासारखं. दत्तक घ्यायला काही द्यावं लागणार नाही, असंही लिहिलं होतं. हे वाचून मला पहिली शंका आली. ज्याला मोल नाही अशा व्यवहारात माणसानं उभं कसं राहायचं? धरायला काही नाही, सोडायला काही नाही.

रविवारी मी धुतलेला सदरा घातला. बायको म्हणाली, "सरळ जावा आणि सांगा, आमचं हाय म्हणून."

"तुला बाजारातलं काय कळतं?"

"तो बाजार न्हाय," ती म्हणाली. हे तिचं वाक्य मी त्या वेळी कानाआड केलं.

मैदानात कडुनिंबाखाली ओळीनं कुत्री बांधली होती. टेबलामागं बाई, पुढं दत्तकाच्या छापील अर्जांचा गठ्ठा. मी रीतीप्रमाणं आमच्या तांबड्याकडं बघितलंसुद्धा नाही. आधी एका काळ्या पिल्लापाशी थांबलो. "वा, काय छाती हाय," मोठ्यानं म्हणालो. मग एका पांढऱ्या कुत्रीची शेपटी वाखाणली. बाई मान हलवत होत्या. तांबडं एव्हाना दोरीला हिसके देत होतं, सगळं अंग हलवत होतं. मी त्याला ओळख दिली नाही. सौद्याच्या आधी जनावरानं गळ्यात पडणं याच्याइतकं नुकसानीचं काही नसतं.

शेवटी सहज म्हणून त्याच्यापुढं आलो.

"आणि हे कशाला आणलंय इथं?"

"का हो? काय झालं त्याला?" बाईंनी एक अर्ज पुढं ओढला, पेन उचललं.

"काय झालं काय, बघा की. कान फाटका. म्हातारं, दात झिजलेत. आळशी हाय, दिवसभर लोळतं." इतक्यात तांबडं दोरी ताणून आलं आणि माझ्या पायावर बसलं. "आणि ही आणखी एक खोड. कुणाच्याबी पायावर बसतंय."

बाई प्रत्येक शब्द लिहीत होत्या. अक्षर एकदम सुंदर, फळ्यावर काढल्यासारखं.

"या आधी जनावरं पाळलीत?"

"शेकड्यानं."

"आता कुठं आहेत ती?"

"विकली."

तेही लिहिलं. "इथं सही करा," म्हणाल्या. मी केली. आता त्यांनी म्हणायला हवं होतं, "असू द्या हो, तुमच्याकडंच शोभेल." मग मी थोडे आढेवेढे घेतले असते आणि दोरी हातात घेतली असती. त्यांनी अर्ज फाईलला लावला. मग मी पाय सोडवून घेतला आणि वळून चालू लागलो.

चार पावलं झाली. सहा झाली. आठव्या पावलाला मी चाल हळू केली, चप्पल नीट करायला वाकलो. दहा. हाक नाही. पंधराव्या पावलाला मी शाळेच्या फाटकापाशी पोचलो होतो, तिथं नळावर पाणी प्यायलो, तोंड धुतलं, रुमालानं सावकाश पुसलं. मागं वळून बघितलं तर नव्या कॉलनीतले बँकेचे साहेब, बदली होऊन आलेले, शहरातले, टेबलावर वाकून सही करत होते. त्यांनी म्हणे एवढंच विचारलं होतं, "हे बिचारं कुणालाच नको आहे का?" तांबड्याची दोरी त्यांच्या हातात होती.

मी परत टेबलापाशी गेलो आणि आवाज चढवला. बाईंनी माझा अर्ज काढून समोर धरला. "हे तुम्हीच सांगितलंत ना? आणि बंदोबस्ताच्या अर्जावर पहिली सहीही तुमचीच. आम्ही समजायचं काय?"

चार दोष, खाली माझी सही. जन्मात पहिल्यांदा माझं बाजारातलं बोलणं कुणी कागदावर उतरवून घेतलं होतं. रुमाल नव्हता, बोटं नव्हती, नुसतं तोंड उरलं होतं, आणि त्या बाईंनी तेच खरं धरलं. यात माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतर मला सकाळी चालायची आवड लागली. चालताना कॉलनीवरून जायचो. तांबडं साहेबांच्या फाटकाआड असायचं. ताटलीत गोळ्या-गोळ्यांचं पाकिटातलं खाणं, त्याला तोंड न लावलेलं. एकदा साहेब बाहेर आले तेव्हा मी म्हणालो, "भाकरी द्या त्याला. ज्वारीची. ताकात कुस्करून."

"तुम्ही ओळखता का याला?"

"माझं न्हाय," मी म्हणालो. जिभेला काय करायचं.

पाचव्या दिवशी दुकान उघडायला गेलो तर तांबडं बारदानावर बसलेलं, निळी फीत अर्धी चावून टाकलेली. साहेब स्कूटरवर शोधत आले, घेऊन गेले. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. चौथ्या वेळी साहेब बाईंनाच मागं बसवून घेऊन आले. बाईंच्या पिशवीत अर्जांची फाईल होती. चाचांनी मशीन थांबवलं.

साहेब भले माणूस. म्हणाले, "माझी तक्रार नाही. त्याला आमच्याकडं करमत नाही, एवढंच."

बाई म्हणाल्या, "मंडळाचा नियम आहे. ज्यानं प्राण्याबद्दल असं लिहून दिलंय, त्याच्या ताब्यात आम्ही प्राणी देत नाही. द्यायचं तर हे दोष तुम्ही खोडायचे, आणि त्या जागी खरं काय ते लिहायचं." अर्ज काउंटरवर ठेवला. पेन पुढं केलं.

म्हणजे भर रस्त्यात, घ्यायच्या जनावराचे गुण, माझ्या अक्षरात. बाजारातल्या कुणी बघितलं असतं तर मला पुन्हा दावणीपाशी उभं राहू दिलं नसतं.

"दोन खोडतो," मी म्हणालो.

"चारही."

"तीन. उरलेला एक राहू द्या, बाई. कायतरी तर राहू द्या."

"शेठ, बाजार समझ रहे क्या," चाचा म्हणाले.

"तुम्ही तुमचं काज-बटन बघा."

बाई हलेनात. त्यांनी आयुष्यभर चाळीस-चाळीस पोरांपुढं उभं राहून गप्प बसायचा सराव केलेला. शेवटी मी पेन घेतलं. म्हातारं हे खोडलं आणि लिहिलं, 'वय साडेपाच वर्षं. आलं तेव्हा पिल्लू होतं. दात भाकरीला पुरतात.' आळशी हे खोडलं. 'गोडाऊनात उंदीर नाही. सकाळी मी येतो तेव्हा उभं असतं.' तिसऱ्यापाशी अडलो. "पायावर बसतं हे खरंच हाय. खोडू कसं?"

साहेब म्हणाले, "आमच्या घरात इतक्या दिवसांत ते एकदाही कुणाच्या पायावर बसलं नाही. मी वाट बघत होतो, खरं तर."

मी 'कुणाच्याबी' एवढाच शब्द खोडला आणि वर 'माझ्या' लिहिलं.

"आता कान," बाई म्हणाल्या.

"फाटका हाय की. बघा ना. हे मी खोटं सांगितलं न्हाय."

"खोडू नका. कसा फाटला ते लिहा. भांडणारं कुत्रं असेल तर आम्हाला माहीत हवं."

चाचांना माहीत होतं. ते त्या संध्याकाळी तिथंच होते. त्यांनी सुईत दोरा ओवायला घेतला, तो बराच वेळ ओवत राहिले. माझ्यावर सोडलं.

एका व्यापाऱ्याशी माझं जुंपलं होतं. मी तावातावानं बाहेर आलो आणि दिवेलागणीला शटर जे ओढलं ते दोन्ही हातांनी. खाली कोण आहे ते बघितलं नाही. ओरडणं ऐकू आलं तेव्हा मला आधी वाटलं व्यापारीच ओरडतोय. कानाचं टोक गेलं. हळद मी लावली, दवाखान्यात त्याला चाचांनी नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला वाटलं ते येणार नाही. ते बारदानावर बसलेलं होतं.

मी लिहिलं, 'कान माझ्या शटरमध्ये सापडला. मी रागात ओढलं. कुत्रं भांडखोर नाही.' खाली सही केली. ती नेहमीसारखी ठसठशीत आली नाही.

बाईंनी वाचलं, शाईवर फुंकर घातली आणि कागद फाईलला लावला. "घ्या," म्हणाल्या. साहेबांनी दोरी सोडली. तांबड्यानं कुणाची वाट बघितली नाही, सरळ येऊन माझ्या पायावर बसलं. साहेब जाताना काळ्या पिल्लाची चौकशी करत होते. त्याची छाती मी वाखाणली होती ना, ते त्यांनी ऐकलं होतं.

आता बाई दर महिन्याला पाहणीला येतात. कुत्र्याचं वजन, लस, पाण्याचं भांडं, सगळं वहीत लिहितात. माझ्या दुकानात मलाच प्रश्न विचारतात. मी सांगतो, खादाड झालंय, घोरतंय, गिऱ्हाइकाला वाट देत नाही. मी दोष सांगायला लागलो की बाई पेनाला टोपण लावतात आणि संपेपर्यंत थांबतात.

सगळं खरं, पण एक गोष्ट मी त्यांना अजून माफ केलेली नाही. शाळेच्या मैदानात मी पंधरा पावलं चाललो, वर नळावर पाणी प्यायलो. एक हाक मारली असती तर एवढं लिहायची वेळ आली नसती. परवा मी हे त्यांना तोंडावर सांगितलं.

"तुम्ही नळापर्यंत एकदाही वळून का नाही पाहिलंत?" त्यांनी विचारलं.

मी शटर ओढायला उठलो. आधी वाकून खाली बघितलं. ते तिथंच पसरलेलं होतं, हलायला तयार नव्हतं. "ऊठ की आळशा," मी म्हणालो, आणि ते उठेपर्यंत थांबलो.