भाव येईपर्यंत

सौंसरच्या पुंडलिकरावांच्या घरात त्या वर्षी दोन माल भरून ठेवले होते. एक कापूस. दुसरा त्यांचा मुलगा मंगेश.

कापूस मधल्या खोलीत होता, पार आढ्यापर्यंत. बसायला दुसरी जागा नाही, म्हणून मंगेश ढिगावरच लॅपटॉप घेऊन बसायचा. अंगाला खाज सुटायची. तो खाजवायचा आणि शिकायचा. वेबसाइट बनवायला तयार कोडची एक लायब्ररी असते, रिअ‍ॅक्ट नावाची. ती त्याने वर्षभर घोटली. त्याला ती खरोखर येत होती, हे आधीच सांगितलेलं बरं. पुढचं ऐकून कोणालाही शंका येईल.

थंडीत नागपूरच्या एका कंपनीने त्याला निवडलं. सोबत शिकलेल्या पांढुर्ण्याच्या दीपालीलाही. पगार दोघांना सारखाच. दीपालीने त्याच दिवशी होकार कळवला. मंगेशने आधी एक साइट उघडली. कोणत्या लायब्ररीला किती मागणी, किती पगार, हे तिथे दिसायचं. आलेखात रिअ‍ॅक्टची रेघ वर चालली होती.

"भाव चढून राहिला, बाबा."

पुंडलिकरावांनी चष्मा लावला. इंग्रजी येत नव्हतं, पण चढती रेघ ओळखायला इंग्रजी कशाला?

"मग कायले घाई करतं? उन्हाळ्यापर्यंत थांब."

"अहो, तो माल नाही, पोरगं हाय!" आतून सुधाताई ओरडल्या.

"तुले बाजारातलं काय समजते?" बापलेक एकदमच म्हणाले.

मंगेशने कंपनीला नकार कळवला. शब्द सभ्य होते. अर्थ एवढाच, की सध्या विकायचं नाही.

मग रोज चहासोबत दोन भाव निघू लागले. आधी मंडीचा, मग मंगेशचा. शेजारचे प्रकाशकाका कुंपणावरून विचारायचे, "काय बे, कुठवर गेला तू?"

"चढून राहिलो, काका."

काका आदराने मान हलवायचे. कोणी हसलं नाही. कापसाच्या गावात थांबणाऱ्याला वेडा म्हणायची पद्धत नाही.

होळीनंतर कापसाचा भाव पडला. पाठोपाठ रेघही वाकली. नुसती रिअ‍ॅक्ट येणारे गल्लोगल्ली झाले होते. मंगेशने दीपालीला फोन लावला.

"जागा आहे का गं तिकडं?"

"तुझी गेली रे. तुझं काम आता मीच एआयकडून करून घेऊन राहिली."

"ते कुठं शिकली?"

"इथंच. पगार घेता घेता."

"पगार वाढला?"

"वाढला न. तू रेघ पाहून राहिला होता, तेव्हा."

वैशाखात पुंडलिकरावांनी हात टेकले. व्यापाऱ्याचा मेटॅडोर दारात लागला. कापूस पडत्या भावात गेला, पण गेला. खोली मोकळी झाली. मधोमध फरशीवर मंगेश. मांडीवर लॅपटॉप. ढीग नव्हता, तरी खाजवत होता.

सुधाताई झाडू घेऊन दारात आल्या.

"भाऊ, एक नग राहिला."

व्यापाऱ्याने आत डोकावलं. "काय येते याले?"

मंगेशने सांगितलं. व्यापाऱ्याला त्यातलं 'कॉम्प्युटर' तेवढं कळलं.

"आमचा हिशेबनीस सोडून गेला. वजनकाट्यावर बसशील?" त्याने पगारही सांगितला.

मंगेशने लॅपटॉप उघडला. "एक मिनिट. रेघ पाहून सांगतो."

सुधाताईंनी झाकण आपटलं.

"येऊन राहिला तो," त्या व्यापाऱ्याला म्हणाल्या. "उद्यापासून."